छोट्या वाद्यवृंदातील स्वतंत्र रचना : अमान्सियो डिसिल्व्हा यांच्या ‘इंटिग्रेशन’ या ध्वनिमुद्रिकेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
मराठी संगीतसमीक्षा प्रामुख्याने ख्यालगायन, नाट्यसंगीत आणि भावगीत यांच्याभोवती केंद्रित राहिली आहे. मुंबईत वाजविल्या गेलेल्या जॅझ संगीताची दखल तिने क्वचितच घेतली. उमरखेडसारख्या गावात ट्रम्पेट व सॅक्सोफोन ही वाद्ये परिचित आहेत ती लग्नाच्या वरातीतील बँडमुळे, आणि तेथील वादक प्रायः दुसऱ्याचीच चाल वाजवीत असतो. वादकाने स्वतः रचना करावी आणि ती स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रित करावी, ही घटना म्हणूनच विचारात घेण्याजोगी ठरते. प्रस्तुत लेखात गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांच्या ‘इंटिग्रेशन’ (१९६९) या ध्वनिमुद्रिकेचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजविणाऱ्यांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असल्याने चित्रपटसंगीतासही त्यांची गरज भासली. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांनी वाद्यसंयोजनाचे मोठे कार्य केले. परंतु श्रोत्यांच्या स्मरणात नाव राहिले ते संगीतकाराचे. १९६८ मधील ‘रागा जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिकाही शंकर-जयकिशन यांच्याच नावाने ओळखली जाते. रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम्स तीत आहेत. अकरा रागांवरील या अकरा रचना आकर्षक आहेत, मात्र त्या आटोपशीर असल्याने वादकास विस्तारासाठी फारसा अवकाश मिळत नाही.

१९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले डिसिल्व्हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेले. तेथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी त्यांना ध्वनिमुद्रणाची संधी दिली.

विश्लेषण :
‘इंटिग्रेशन’मधील वाद्यवृंद अवघा पाच जणांचा आहे. इयान कार (ट्रम्पेट व फ्लूगलहॉर्न), डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), डेव्ह ग्रीन (बास) आणि ट्रेव्हर टॉमकिन्स (ड्रम्स) हे चौघे रेंडेल-कार पंचकात पूर्वीपासून एकत्र वाजवीत होते. त्या पंचकात पियानो होता. येथे तो नाही. त्यामुळे गिटारवर दुहेरी जबाबदारी येते. तिला चालही वाजवावी लागते आणि इतरांच्या वादनाला स्वरसंघातांचा आधारही द्यावा लागतो. रचनाकार स्वतःच इतरांना साथ करतो, हे या ध्वनिमुद्रिकेचे पहिले वैशिष्ट्य होय.

जॅझमधील रचना बहुधा लहान असते. आरंभी चाल, नंतर एकेका वादकाचे उत्स्फूर्त वादन व शेवटी पुन्हा चाल, असा तिचा सर्वसाधारण आराखडा असतो. आपल्या बंदिशीशी तिचे साम्य सहज जाणवते. भेद असा की, ख्यालात विस्ताराची सूत्रे मुख्यतः एकाच गायकाकडे असतात. येथे रचनाकाराची चाल इतर वादक आपापल्या स्वभावानुसार वाढवितात. म्हणून येथील रचनाकौशल्य चालीच्या सौंदर्यावर जितके, तितकेच इतरांसाठी काय मोकळे सोडले यावर अवलंबून असते. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) नंतर स्वरसप्तकाधारित जॅझ रूढ झाला होता. त्यामुळे इंग्रज वादकांना रागाचे शिक्षण नसतानाही डिसिल्व्हा यांच्या चालींत वावरणे शक्य झाले.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे या ध्वनिमुद्रिकेत सतार वा तबला नाही. त्या काळात लंडनमध्ये सतारीचे मोठे आकर्षण होते. असे असतानाही भारतीयत्वाचा भार डिसिल्व्हा यांनी वाद्यावर टाकला नाही. तो चालीच्या वळणांतून व्यक्त होऊ दिला. तथापि ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’ ही शीर्षके पाश्चात्त्य श्रोत्याच्या कुतूहलाला आवाहन करणारी आहेत, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यांच्याच जोडीला ‘जॉइस कंट्री’ हे आयर्लंडमधील प्रदेशाचे नाव येते. त्यांची पत्नी आयरिश होती. हे नाव पाहता सर्वच शीर्षके केवळ बाजारासाठी योजिली होती असे म्हणता येत नाही.

राग शुद्ध राहिला काय, हा आपला नेहमीचा प्रश्न येथे अपुरा पडतो. पाच जण परस्परांचे किती ऐकतात, हा निकष येथे अधिक उपयुक्त ठरतो. आणि या निकषावर ‘इंटिग्रेशन’ हे नाव सार्थ वाटते.

निष्कर्ष :
स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित करणे हे केवळ प्रतिभेवर अवलंबून नसते. त्यासाठी समजूतदार सहवादक आणि धोका पत्करणारा निर्माता लागतो. हा आधार स्थिर नव्हता, हे पुढील घटनेवरून दिसून येते. डिसिल्व्हा यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रित केलेली ‘कोकण डान्स’ प्रकाशित झाली ती २००६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर (१९९६) दहा वर्षांनी. मुंबईत राहिलेल्या त्यांच्या समकालीन वादकांपैकी अनेकांच्या रचना ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचल्याच नसाव्यात, असा तर्क करण्यास येथे जागा आहे. मराठी समीक्षेने वादकाकडे केवळ साथीदार म्हणून न पाहता रचनाकार म्हणून पाहावे, आणि हा शोध आपल्या गावच्या बँडपथकातील वादकांपर्यंत न्यावा, अशी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.