संस्कार कमी पडले, की दारं बंद होती? : ‘उचल्या’च्या निमित्ताने



एखादं पोरगं चोरी करताना सापडलं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, संस्कार कमी पडले. दुसरं, हल्ली देवाधर्माची भीतीच राहिली नाही. आज आम्ही ही दोन वाक्यं एका पुस्तकासमोर ठेवून तपासणार आहोत. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचं आत्मकथन ‘उचल्या’. ते १९८७ साली आलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल. पण बहुतेकदा आपण ते दारिद्र्याची कहाणी म्हणून वाचतो, हळहळतो आणि कपाटात परत ठेवतो. आमच्या मते बालगुन्हेगारी कशी घडते, याबद्दलचं ते मराठीतलं फार नेमकं पुस्तक आहे.

आता पहिलं वाक्य घेऊ. या पुस्तकातल्या मुलांवर संस्कार झाले नाहीत, असं कोण म्हणेल? खिसा कसा मारायचा, पोलिसांनी कितीही बडवलं तरी साथीदाराचं नाव कसं घ्यायचं नाही, हे त्यांना घरचीच माणसं शिकवतात. मार सोसायची सवय व्हावी म्हणून आधी घरचाच मार. म्हणजे शिस्त आहे, निष्ठा आहे, वडीलधाऱ्यांचा शब्द पाळणं आहे. एरवी आपण ज्या गुणांचं कौतुक करतो तेच हे गुण. तेव्हा ‘संस्कार कमी पडले’ हे निदान इथे टिकत नाही. विचारायचं ते असं, की या मुलांपुढे दुसरी दारं का नव्हती, आणि ती कुणी बंद केली?

पहिला हात सरकारचा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे : सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर होणारच. म्हणजे बघा, जन्माने धंदा ठरवणारी आपल्याच समाजातली, धर्माचा आधार असलेली कल्पना त्यांनी उचलली आणि तिचं कलम करून टाकलं! १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहांत ठेवायची मुभा दिली. मुलाने काही केलेलं असण्याची गरज नव्हती. जन्म पुरे होता. पुढे काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या धर्मसंस्थेकडे सोपवल्या गेल्या. तिथे प्रार्थना होती, कामही होतं, पण बाहेर जायला परवानगी लागे. आपल्या सोलापुरातल्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण जुन्या लोकांच्या अजून बोलण्यात येतं. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण पोलीस ठाण्याची आठवण रद्द झाली नाही. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की पाय आधी त्याच वस्तीकडे वळत राहिले. ‘उचल्या’त आजोबांच्या पिढीची हजेरी आणि नातवाच्या पिढीची झडती शेजारी शेजारी येतात, ती म्हणूनच.

आता दुसरं वाक्य, देवाच्या भीतीचं. भीती नव्हती? होती की! लक्ष्मणचं नाव शाळेत घातलं आणि वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी लागली, तेव्हा जमातीच्या लोकांनी बापाला जाब विचारला : आपल्यात कुणी शिकत नाही, देवीचा कोप होईल. देवीची भीती इथे मुलाला चोरीपासून परावृत्त करत नाही, शाळेपासून करते. यावर ‘अडाणी लोक’ म्हणून हसणं सोपं आहे, पण आम्हाला ते मान्य नाही. ज्या वस्तीला डॉक्टर नाही, ज्यांना जमातीबाहेर कुणी उभं करत नाही, त्यांच्या दृष्टीने एक पोर पाटी घेऊन बाहेर पडणं म्हणजे साखळीची एक कडी निसटणं. त्या धास्तीला देवीचं नाव मिळालं, इतकंच. बाप मार्तंड मात्र हटला नाही. पुढे लक्ष्मणच्या आयुष्याला जी वळणं लागली ती शाळेची, लातूरच्या सूतगिरणीतल्या पगाराची आणि कामगार चळवळीची. यात प्रवचन कुठेच नाही.

पुस्तकाबद्दल आमच्या दोन तक्रारी आहेत. चळवळीचा भाग सुरू झाला की निवेदन कामाच्या अहवालासारखं होतं, आणि सगळं टिपणारा तो लहान मुलगा हरवतो. दुसरी, चोरीच्या शिक्षणाला जितकी जागा मिळते तितकी बापाच्या हट्टाला मिळत नाही. चोरांच्या घरात राहून चोरी न करणारा, मुलाला शाळेत धाडणारा हा माणूस आतून कसा तगला? ते कळलं असतं तर बालगुन्हेगारीच्या अभ्यासकांना केवढा आधार झाला असता.

हे सगळं आज कशाला, असं कुणी म्हणेल. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढासारखं कोर्टापुढे उभं करायचं का, याचं प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करतं. त्यात मुलाची समज आणि क्षमता पाहायची असते, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला तेही. ही परिस्थिती कागदावर कुणीतरी माणूसच उतरवतो ना? त्याने ‘घरचे संस्कार वाईट, जमात गुन्हेगारीकडे झुकणारी’ असं लिहिलं, तर १८७१ चा कायदा नाव बदलून त्या फाइलीत आलाच म्हणून समजा. त्याने शाळा किती लांब होती, पोलीस किती वेळा आले, गावात काम कुणी दिलं आणि कुणी नाकारलं, हे लिहिलं, तर त्या मुलाला निदान न्याय्य सुनावणी तरी मिळेल.

म्हणून अशा कामात पडणाऱ्या प्रत्येकाने, मग तो परिवीक्षा अधिकारी असो, शिक्षक असो की कीर्तनकार, ‘उचल्या’ एकदा तरी वाचावं, असं आम्ही सुचवतो. हळहळण्यासाठी नको. ती दोन ठरलेली वाक्यं तोंडातून निघण्याआधी जरा थांबता यावं, एवढ्यासाठी.