यादी पुरी, संग्रह अपुरा

पोकेमॉन म्हटले की गालांवर लाल ठिपके असलेला पिवळा पिकाचू डोळ्यांसमोर येतो. दूरचित्रवाणीवरील मालिका आणि चिप्सच्या पाकिटातून निघणाऱ्या चकत्या यांच्यामुळे हे नाव आपल्या वर्गांपर्यंतही पोचले. परंतु मालिका नंतरची. मूळ आहे तो व्हिडिओ गेम. निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये बाहेर आला, आणि तोही 'लाल' व 'हिरवा' अशा दोन आवृत्त्यांत. त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते. पुढे खेळामागून खेळ येत गेले, एकमेकांना जोडले गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ही संख्या १०२५ झाली.

या खेळांत लढाया आहेत, कथानक आहे. त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे बाजूला ठेवू. आपण विद्यार्थ्यांना पाने, बिया, शंखशिंपले गोळा करायला लावतो आणि त्यांच्या नोंदी मागतो. त्या दृष्टीने पाहिले तर पोकेमॉन हा जगातील लाखो मुलांनी वर्षानुवर्षे चालवलेला संग्रहाचा उद्योग आहे. तो उद्योग म्हणून कितपत चोख आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. माझे उत्तर असे की संग्रह करण्याची ओढ या खेळाने फार बुद्धीने जागवली, पण नोंद ठेवण्याचे काम मात्र अर्धवट केले. उरलेले अर्धे काम मुलांनी स्वतःच्या वहीत केले.

खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा येथे गेले. त्यांना किडे पकडण्याचा नाद होता. वस्ती वाढली, तळी आणि शेते बुजली, तसे किडेही गेले. पुढे गेम बॉयची दोन यंत्रे जोडणारी तार पाहून त्यांच्या मनात आले की या तारेवरून एखादा किडा एका यंत्रातून दुसऱ्यात चालत जाईल! खेळाचा सगळा डोलारा या कल्पनेवर उभा आहे. १९९८ साली अमेरिकेत आलेल्या 'लाल' आणि 'निळ्या' आवृत्त्यांत प्रत्येकी ११ प्राणी असे होते की जे दुसरीत सापडतच नसत. शिवाय चार जातींचे अंतिम रूप अदलाबदल केल्याखेरीज मिळत नसे. म्हणजे एकट्याने संग्रह पुरा होणार नाही, अशी मुद्दामच केलेली व्यवस्था. वस्तुसंग्रहालये आपल्याकडचे जादा नमुने एकमेकांना देतात, त्यातलाच हा प्रकार. आणि दिलेला प्राणी खरोखरच आपल्या कॅसेटमधून जातो, त्याची प्रत मागे राहत नाही. (अदलाबदल चालू असताना नेमक्या क्षणी तार उपटून एकाचे दोन करणारे महाभाग होतेच, पण तो नियम नव्हे, चोरवाट.)

आता नोंदीकडे वळू. खेळात 'पोकेडेक्स' नावाची एक यादी असते. तीत प्रत्येक जातीला क्रमांक, आणि दोन बेरजा: पाहिलेले किती, पकडलेले किती. पकडलेल्या जातीपुढे चेंडूची छोटी खूण येते. गंमत अशी की ही खूण एकदा आली की पुसली जात नाही. प्राणी दुसऱ्याला दिला, सोडून दिला, त्याचे रूप बदलले, तरी खूण कायम. १५० खुणा झाल्या की खेळातील मंडळी प्रशस्तिपत्र देतात. (१५१ वा 'म्यू' हा त्यातून वगळलेला होता. तो खेळात सापडतच नसे. जपानी मासिक 'कोरोकोरो'ने १९९६ मध्ये सोडतीने २० जणांना तो वाटला.)

यादी आणि संग्रह यांतला फरक येथे सुरू होतो, आणि तो साध्या गणिताने दाखवता येतो. 'ईव्ही' नावाचा प्राणी लाल आवृत्तीत एकदाच मिळतो. पाणी, वीज किंवा अग्नी यांपैकी एका दगडाने त्याचे तीनपैकी एक रूप होते, आणि ते पुन्हा मागे फिरत नाही. म्हणजे जाती चार: मूळ ईव्ही आणि तीन रूपे. यादीत चारही खुणा व्हाव्यात म्हणून किती ईव्ही लागतील? तीन. कारण प्रत्येक जण बदलण्याआधी ईव्हीची खूण करूनच जातो. पण चारही प्राणी एकाच वेळी आपल्याजवळ जिवंत असावेत असे वाटले तर? चार ईव्ही हवेत, म्हणजे चार वेळा खेळलेला खेळ. खेळाच्या आरंभी मिळणाऱ्या सोबत्याचे गणित याहून कठीण. तीन प्राण्यांपैकी एकच घेता येतो, आणि प्रत्येकाच्या तीन अवस्था. यादीला तीन प्राणी पुरतात, प्रत्यक्ष संग्रहाला नऊ. म्हणजे नऊ वेळा खेळ पहिल्यापासून सुरू करायचा, आणि तसे करताना जुना खेळ पुसला जातो म्हणून प्राणी आधी मित्राच्या कॅसेटमध्ये ठेवायला द्यायचा! १९९९ च्या 'सोनेरी' आणि 'चंदेरी' खेळांत प्राण्यांची पैदास करण्याची सोय आली तेव्हा कुठे हा ताप कमी झाला. हा भेद खेळाने कधी सांगितला नाही. मुलांनी तो स्वतः ओळखला, आणि सगळे प्राणी एकाच वेळी जिवंत बाळगण्याच्या ध्येयाला वेगळे नावही दिले: 'जिवंत डेक्स'.

दुसरी उणीव चिठ्ठीची. वाळवलेल्या वनस्पतीच्या कागदावर गोळा करणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख नसेल तर तो कागद अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. १९९६ च्या खेळात साठवणीत ठेवलेल्या प्राण्याची नोंद, नावे सोडून, ३३ बाइटांची असे. तीत पहिल्या मालकाचा क्रमांक होता, तो १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५,५३५ यांपैकी एक. प्राणी दहा हातांतून फिरला तरी तो बदलत नसे, आणि ही फार चांगली गोष्ट होती. पण कुठे पकडला, केव्हा पकडला, यांना जागाच नव्हती. गेम बॉयच्या स्मृतीत जागेची चणचण होती हे खरे. तरी कीटकसंग्राहकाने बनवलेल्या खेळात ठिकाणाची नोंद नसावी याचे नवल वाटते. २००२ च्या 'माणिक' आणि 'नीलम' या खेळांत ठिकाणाची नोंद होती. तारखेसाठी आणखी थांबावे लागले.

पण त्याच २००२ मध्ये मोठी तूट पडली. नव्या यंत्रासाठी प्राण्याच्या नोंदीचा आराखडाच बदलला. पूर्वी प्रत्येक गुण ० ते १५ असा चार बिटांत मावे, आता तो ० ते ३१ असा पाच बिटांत गेला. २५ प्रकारचे 'स्वभाव' आले. जुन्या खेळांशी जोडणी ठेवलीच नाही. १९९९ मध्ये २५१ प्राणी जमवलेल्या मुलाचा संग्रह त्याच कॅसेटमध्ये अडकून पडला. आणि ती कॅसेट तरी किती टिकणार? त्या काळच्या कॅसेटमधली स्मृती एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चाले. बॅटरी संपली की प्राणी गेले. सोनेरी-चंदेरी कॅसेटमध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवत असल्याने ती आणखी लवकर संपे.

२००२ नंतरचे खेळ पुढे जोडले गेले, पण वाट एकेरी. २००६ च्या खेळात जुन्या कॅसेटमधून सहा-सहा प्राणी आणता येत, परत नेता येत नसत. २०१० मध्ये पुन्हा तसेच, आणि त्यासाठी दोन यंत्रे हवीत. २०१३ अखेर इंटरनेटवरील 'बँक' आली, २०२० मध्ये 'होम'. म्हणजे २००२ साली पकडलेला प्राणी २०२२ च्या खेळात आणायचा तर वाटेत निदान चार मुक्काम, आणि जुनी यंत्रे चालू स्थितीत हवीत. शिवाय प्रवासात चिठ्ठी झिजते. पहिल्याच स्थलांतरात पकडल्याचे नेमके ठिकाण दिसेनासे होऊन फक्त प्रदेशाचे नाव राहते.

रूपांतराचे दोन नमुने विद्यार्थ्यांना आवडतील. १९९६ च्या नोंदीत 'पकडायला किती अवघड' हा आकडा ठेवणारा एक बाइट होता. १९९९ च्या खेळात त्याच जागेवर 'हातातली वस्तू' हा रकाना आला. त्यामुळे जुना प्राणी नव्या खेळात उतरतो तो कुणीही न दिलेली वस्तू हातात घेऊन! हजेरीपटाच्या रकान्याचे शीर्षक बदलावे आणि आतले आकडे तेच राहावेत, तसे हे झाले. दुसरा नमुना २०१७ चा. पहिले खेळ नव्या यंत्रावर पुन्हा विकले गेले होते आणि त्यांतले प्राणी बँकेत नेण्याची सोय झाली. पण जुन्या प्राण्यांना स्वभाव नव्हता. तो ठरवायचा कसा? प्राण्याच्या अनुभवगुणांना २५ ने भागायचे, उरेल ती बाकी म्हणजे स्वभावाचा क्रमांक. युक्ती सुबक आहे, पण प्राण्याचा इतिहास म्हणून ती बनावट आहे. मूळच्या राखाडी कॅसेटमधील प्राण्यांना तर हीदेखील वाट मिळाली नाही.

मोजायचे काय, हा प्रश्न खेळाने जितका टाळला तितका तो रंगतदार होत गेला. 'अनओन' हा प्राणी रोमन अक्षरांच्या आकाराचा आहे. १९९९ मध्ये त्याची रूपे २६ होती, पुढे २८ झाली. यादीत मात्र क्रमांक एकच. २००२ मधल्या 'स्पिंडा'ची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या अंगावरचे चार ठिपके ३२ बिटांच्या एका संख्येवरून बसवले जातात, म्हणजे शक्य मांडण्या ४,२९,४९,६७,२९६. त्याचाही क्रमांक एकच! पूर्ण संग्रह मग १०२५ चा की कित्येक कोटींचा? दोन पाखरांत किती फरक असला म्हणजे वेगळी जात मानायची, या वर्गीकरणातल्या जुन्या वादाशी आठवीतले मूल येथे नकळत येऊन थांबते. खेळ त्याला उत्तर देत नाही, आणि ते बरेच आहे.

एका शब्दाबद्दल मात्र खेळाला दोष द्यायलाच हवा. सुरवंटासारख्या 'कॅटर्पी'चा कोश आणि कोशाचे फुलपाखरू होते, त्याला खेळ 'उत्क्रांती' म्हणतो. एकाच जीवाच्या आयुष्यात घडते ते रूपांतरण. उत्क्रांती समूहात घडते, पिढ्यान्‌पिढ्या घडते. हा गैरसमज मुलांच्या डोक्यात पक्का बसतो. शिक्षकांनी तो वर्गात पोकेमॉनचेच उदाहरण घेऊन सोडवावा.

२००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील १०९ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलांना चित्रावरून सुमारे ७८ टक्के पोकेमॉन ओळखता आले, देशातील परिचित प्राणी-वनस्पती मात्र सुमारे ५३ टक्केच. ही आकडेवारी मुलांच्या नावाने खडे फोडायला वापरली जाते. मला ती उलट वाचावीशी वाटते: जाती ओळखण्याची शक्ती मुलांत भरपूर आहे. आणि नाव ओळखणे ही तर पहिली पायरी झाली. एकाच जातीच्या दोन प्राण्यांपैकी हा कोणाचा, कुठून आला, हे सांभाळणे पुष्कळ वरचे काम आहे, आणि खेळणारी मुले तेही करत होती.

शेवटी फडताळ कोणाचे, हा मुद्दा. होममध्ये फुकट जागा ३० प्राण्यांची, वर्गणी भरल्यास ६०००. बँकेतून होममध्ये प्राणी आणायचे तर वर्गणी भरावीच लागते. २०१९ च्या खेळात तेव्हाच्या ८९० जातींपैकी जवळपास निम्म्यांनाच प्रवेश मिळाला. बाकीच्यांच्या मालकांनी काय करायचे? बँक ज्या यंत्रावर चालते त्याचे दुकान मार्च २०२३ मध्ये आणि जोडखेळाची सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. बँक तेवढी चालू ठेवली गेली, कंपनीच्या मर्जीवर. होममध्ये शिरणाऱ्या प्रत्येक प्राण्याला आतून एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो, ग्रंथालयातल्या दाखल क्रमांकासारखा. जो रकाना संग्राहकाला सर्वांत आधी हवा होता तो अखेर आला, पण खेळणाऱ्याला तो दिसत नाही.

म्हणून जाणते खेळाडू स्वतःचा तक्ता ठेवतात. साठवणीच्या पेटीत २००२ पासून ३० जागा असतात. प्राणी क्रमांकानुसार लावले तर १४३ वा कुठे? चार पेट्या भरून १२० होतात, म्हणून पाचव्या पेटीत तेविसावा. सहा-सहाच्या ओळी धरल्या तर चौथ्या ओळीत पाचवा. १०२५ साठी ३५ पेट्या, शेवटच्या पेटीत पाचच. हे झाले जातींचे. चांगल्या तक्त्यात मात्र ओळ जातीची नसून एकेका प्राण्याची असते: जात, रूप, पहिल्या मालकाचा क्रमांक, कोणत्या खेळात पकडला, कुठे, कधी, आणि सध्या कोणत्या कॅसेटमध्ये किंवा कोणत्या पेटीत. हा शेवटचा रकाना पेन्सिलीने लिहावा लागतो.