शिपायांची उसनी फ्रेंच

१९१४-१८ च्या महायुद्धांतील ब्रिटिश शिपायांचीं गाणीं व बोली यांचा संग्रह ब्रॉफी व पार्ट्रिज यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केला. त्या बोलींतील फ्रेंच शब्दांस अपभ्रंश म्हणून हिणवणें आम्हांस मान्य नाहीं. माल संपला कीं फ्रेंच दुकानदारीण ‘इल न्यां ना प्ल्यू’ म्हणे. शिपायाच्या कानास त्यांतलें ‘नापू’ तेवढें लागलें. मग रम संपली तरी नापू, आणि सोबती पडला तरी नापूच! जें स्वभाषेंत उच्चारवत नाहीं, तें परक्या शब्दाआड सोसवतें. ‘कांहीं हरकत नाहीं’ या अर्थाच्या ‘सा न फे रियँ’ची ‘सॅन फेअरी अ‍ॅन’ नांवाची जणूं बाईच झाली, ही निव्वळ गंमत. मात्र त्याच खंदकांत मायदेशास ‘ब्लायटी’ म्हणत. तें आपल्या ‘विलायती’चेंच लेंकरूं.