सात घरांचे अंगण

माझे बालपण मुंबईतल्या एका चाळीत गेले. दिवाळी आली की आम्हां चाळकऱ्यांना कंदिलांनी उजळलेली ती गॅलरी आठवते. तिच्या टोकाला बादली घेऊन उभी असलेली संडासाची रांग मात्र कोणी आठवत नाही. माझी आई म्हणे, "शेजार हवाच रे, पण मोरी-संडास आपला स्वतःचा हवा." स्वस्त घरे बांधणाऱ्यांपुढचा सारा पेच या वाक्यात आला.

हा पेच सोडविण्याचा एक गुणी प्रयत्न नव्या मुंबईत, बेलापूरला आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तेथे सुमारे ५५० कुटुंबांची वसाहत रचली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात घरांमध्ये साधारण ८ मीटर लांबरुंद अंगण. असे तीन गट मिळून २१ घरांचे त्याहून मोठे अंगण. जागा ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या, आणि दोन घरांत भिंत सामाईक नाही. मिळकत वाढली की खोली चढवावी. शेजाऱ्याची भिंत आड येत नाही. बांधणी साध्या गवंड्याला जमेल अशी. शेजार आहे आणि दार लावून घेण्याची मोकळीकही आहे. आईच्या अटीला याहून चांगले उत्तर मी पाहिलेले नाही.

आज त्यांतल्या बऱ्याच घरांच्या जागी उंच बंगले उभे आहेत. गेलेल्या कौलांसाठी रसिक हळहळतात, मी नाही. वाढण्यासाठीच दिलेले घर वाढले, तर रागवायचे कशाला? माझा आक्षेप निराळा आहे. घराबरोबर त्याची किंमतही वाढली, आणि ज्या कारकुना-कामगारासाठी ते अंगण आखले, त्याला आज तेथे घर परवडत नाही. कोरियांनी घराच्या वाढीची सोय केली. किमतीला आवर घालणे नकाशाच्या हाती नव्हते. विकताना भाव कोणी ठरवावा, हे कराराच्या कागदावर लिहावे लागते.

१९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी आता ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीत २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या. आई असती तर तिने आधी आतला संडास पाहून समाधानाने मान डोलावली असती. मग फराळाचे ताट झाकून ती दाराबाहेर आली असती. त्या उंच मनोऱ्यांत तिला सात घरांचे अंगण कोणत्या मजल्यावर सापडेल, एवढेच मला आखणाऱ्यांना विचारावयाचे आहे.