उठाव कोणाचा?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे म्यानमारच्या लष्कराने आँग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना ताब्यात घेतले. दोन आठवडे उलटायच्या आत नव्या सत्तेच्या माहिती मंत्रालयाने वृत्तपत्रांना समज दिली. हे सरकार घटनेतील तरतुदीनुसार आणीबाणी जाहीर करून आले आहे. तेव्हा त्याला जुंटा म्हणू नये, लष्करी राजवट म्हणू नये, सत्ता बळकावली असे लिहू नये. लिहिल्यास परवाना जाईल.

ही बातमी वाचली तेव्हा मी तिथेच अडखळलो. ज्यांच्या हाती रणगाडे होते, ज्यांनी पहिल्याच दिवशी फोन आणि इंटरनेट बंद पाडले, चौथ्या दिवशी फेसबुक अडवले, त्यांना दोन-तीन शब्दांची एवढी भीती का वाटावी? नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत गैरप्रकार झाला, हा लष्कराचा दावा होता. तो खोडून काढणारे मतमोजणीचे आकडे छापू नका, असे म्हणणे मी समजू शकलो असतो. पण बंदी आली ती आधी नामांवर.

मी बर्मी भाषा रीतसर शिकलेलो नाही. लिपी तेवढी पुस्तकावरून गिरवून घेतली. क, ख, ग, घ हाच क्रम असल्याने ती वाटते तितकी परकी नाही. त्या तुटपुंज्या बळावर मी हा नको असलेला शब्द शोधला. लष्कराने सत्ता हातात घेण्याला बर्मीत 'आणा थेइन' म्हणतात. थेइन म्हणजे गोळा करणे, ताब्यात घेणे. पीक कापून गोळा करण्याच्या शब्दातही हेच क्रियापद येते. आणि आणा? उच्चारताना ते लोक 'आना' म्हणतात, पण लिहिताना ण काढतात, कारण शब्द पालीतून आला आहे. पालीतला आणा म्हणजे संस्कृतातली आज्ञा. मराठीत तोच शब्द प्राकृतातून 'आण' होऊन राहिला. आपण आईची आण घेतो, जुन्या मराठीत राजाची आण म्हणजे राजाचा हुकूम. बर्मी माणसाने या शब्दात शपथेचा अर्थ ठेवला नाही, हुकमतीचा ठेवला. म्हणजे 'आणा थेइन' हा शब्द सरळ सांगतो की हुकूम करण्याचा अधिकार कोणाचा तरी होता आणि तो कोणी तरी उचलून नेला. घटनेच्या ४१७व्या कलमाचा हवाला देणाऱ्यांना तो खुपणारच.

हे केवळ २०२१चे खूळ नाही. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली तेव्हा त्यांच्या मंडळाचे नाव होते क्रांतिकारी परिषद. १९८८ साली रस्त्यावर हजारो माणसे मारून जी आली ती राज्य कायदा व सुव्यवस्था पुनर्स्थापना परिषद. तीच १९९७ साली राज्य शांतता व विकास परिषद झाली. २०२१ची ती राज्य प्रशासन परिषद, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून काळजीवाहू सरकार. मध्ये १९८९ साली देशाचेही नाव बदलले. नावे एकापाठोपाठ एक वाचली की एक गोष्ट ध्यानात येते: लष्कर हा शब्द त्यांत एकदाही येत नाही. सैनिक सत्तेवर आहेत हे सांगणारे विशेषण सैनिकांनीच गाळलेले आहे.

नियंत्रकाचा हात मात्र प्रत्येक काळात वेगळा चालला, आणि मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. ने विन यांच्या राजवटीने १९६२ सालीच मुद्रक व प्रकाशक नोंदणी कायदा आणला. पुढच्या वर्षी एडवर्ड लॉ-योन यांचे 'द नेशन' बंद पडले, ते स्वतः तुरुंगात गेले, आणि दशक संपायच्या आत खाजगी दैनिके उरली नाहीत. मासिके उरली. त्यांच्यासाठी छाननी मंडळ होते. प्रकाशकाने अंक छापायचा आणि मंडळापुढे ठेवायचा. हरकत निघाली की छापून झालेल्या प्रत्येक प्रतीतले ते पान फाडायचे, किंवा त्या ओळींवर काळी अगर चंदेरी शाई फासायची. ॲना ॲलट यांनी १९९३ साली बर्मी कथाकारांवर जे पुस्तक काढले, त्याचे नावच या शाईवरून आणि फाडलेल्या पानांवरून ठेवले आहे. हे काम प्रकाशकाच्याच माणसांनी करायचे, त्याच्याच खर्चाने. एका कथेच्या मधोमध चंदेरी पट्टा. वाचकाला मजकूर कळत नसे, पण इथे काहीतरी होते एवढे कळे. आपल्याकडे जून १९७५मध्ये अग्रलेखाची जागा कोरी सोडण्याचे प्रकार झाले, तेव्हा सरकारने कोरी जागा सोडायलाही मनाई केली. बर्मी नियंत्रकांनाही हे उमगले असावे. पुढे साप्ताहिकांना मजकूर छपाईपूर्वी दाखवावा लागू लागला, आणि कापलेल्या जागी दुसरा निरुपद्रवी मजकूर बसू लागला. चंदेरी पट्टा गेला. जखमेचा वण गेला म्हणून कोणी बरे झाले असे नाही.

या काळातल्या चतुराईच्या गोष्टी परदेशी लेखकांना फार आवडतात, आणि त्या आहेतही गमतीच्या. कवी सॉ वाई यांनी २००८च्या जानेवारीत एका साप्ताहिकात व्हॅलेंटाइन दिनावर प्रेमकविता छापली. ओळींचे पहिले शब्द वरून खाली वाचले की सरसेनापती तान श्वे यांना सत्तावेडे म्हणणारे वाक्य तयार होई. त्या वाक्याचा पहिला शब्द पुन्हा तोच, आणा. कवीला दोन वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१०मध्ये सू ची यांची सुटका झाली तेव्हा 'फर्स्ट इलेव्हन' या क्रीडा साप्ताहिकाने इंग्लिश फुटबॉलच्या निकालांचा मथळा दिला. नियंत्रकाकडे गेलेली प्रत काळी-पांढरी होती. छापताना काही अक्षरे रंगीत केली, आणि ती रंगीत अक्षरे सू ची मुक्त झाल्याचे सांगून एकजुटीने पुढे चला म्हणू लागली. साप्ताहिक दोन आठवडे बंद ठेवावे लागले.

मी या दोन्ही गोष्टी अनेकांना रंगवून सांगितल्या आहेत. आता सांगताना जरा संकोच वाटतो. कारण तांदळाचा भाव आद्याक्षरांत सांगता येत नाही. कोणत्या गावात कोणाचे घर जाळले, कोणत्या चौकीवर कोण मेले, ही माहिती कूटकाव्यात मावत नाही. बातमी ही ओळखीपाळखीच्या चार रसिकांनी उलगडायची वस्तू नव्हे. नियंत्रकाला चकवणाऱ्या लेखनाचे कौतुक करताना त्याने साध्या लेखनाचा जीव घेतला होता हे आपण विसरतो. विन टिन यांचे उदाहरण मला म्हणून अधिक जवळचे वाटते. 'हंतावडी' दैनिकाचे हे संपादक १९८९पासून २००८पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे तुरुंगात होते. कागद-लेखणी नव्हती तेव्हा विटेची भुकटी कालवून ते कोठडीच्या भिंतीवर लिहीत. सुटल्यावरही मागे राहिलेल्या कैद्यांसाठी २०१४ साली मरेपर्यंत त्यांनी कैद्याचा निळा सदरा उतरवला नाही. त्यात कसलेही कोडे नव्हते.

मधली काही वर्षे बरी गेली. २० ऑगस्ट २०१२ रोजी छपाईपूर्व तपासणी रद्द झाली, १ एप्रिल २०१३ला खाजगी दैनिके पुन्हा रस्त्यावर आली. तरी सू ची यांच्या पक्षाचे सरकार असतानाच रॉयटर्सच्या वा लोन आणि चॉ सो ऊ या वार्ताहरांना रोहिंग्यांच्या हत्याकांडाचा शोध घेतल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. तीही ब्रिटिशांनी १९२३ साली केलेल्या गुपितांच्या कायद्याखाली. पाचशेहून अधिक दिवसांनी त्यांना माफी मिळाली.

२०२१मध्ये सेनापतींनी जुने छाननी मंडळ परत आणले नाही. १४ फेब्रुवारीला दंडसंहितेत ५०५-अ हे नवे कलम घातले: भीती पसरवणे, खोटी बातमी देणे, सरकारी नोकराविरुद्ध चिथावणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद. १२४-अ हे राजद्रोहाचे कलम लष्करालाही कवच मिळेल असे बदलले. ८ मार्चला मिझिमा, डीव्हीबी, खित थित, म्यानमार नाउ आणि सेव्हन डे यांचे परवाने काढून घेतले. मार्चच्या मध्यावर देशात एकही स्वतंत्र दैनिक छापले जात नव्हते. आता कोणी ओळी खोडत नाही. लिहिणाऱ्यालाच उचलतात. मे २०२३च्या मोखा चक्रीवादळानंतर राखाइन प्रांतात छायाचित्रे काढायला गेलेले म्यानमार नाउचे साई झॉ थाइके यांना लष्करी न्यायालयाने वीस वर्षे दिली.

१२४-अ आणि ५०५. हे आकडे मराठी वाचकाला ओळखीचे वाटायला हवेत. १८६०ची दंडसंहिता ब्रह्मदेशालाही लागू होती, १९३७ साली तो प्रांत हिंदुस्थानापासून वेगळा झाल्यावरही ती तिथे राहिली. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या न्यायालयात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच १२४-अखाली. कारण होते 'केसरी'तले लेख, आणि ठिकाण मंडाले. त्या खटल्याची कागदपत्रे वाचताना मला नेहमी वाटते की तो निम्मा खटला भाषांतराचा आहे. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतः बाजू मांडली आणि त्यातला मोठा भाग सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दांना चिकटवलेले इंग्रजी अर्थ सोडवण्यात खर्च केला. कोणता शब्द कशाला म्हणायचा, यावर माणूस मंडालेला गेला. आपण मात्र मंडाले म्हटले की 'गीतारहस्य' आठवतो, आणि तिथेच थांबतो.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते. फेब्रुवारी २०२१पासूनची मराठी कात्रणे मी जमवली आहेत. त्यांत या घटनेला सर्वांत अधिक वेळा लावलेला शब्द आहे 'लष्करी उठाव'. त्याखालोखाल 'सत्तापालट', क्वचित 'सत्तांतर'. सत्तांतर निवडणुकीनेही होते, त्यामुळे तो शब्द माहिती मंत्रालयाला चालला असता. पालट त्याहून थोडा बरा. पण उठाव? १८५७ला साहेब शिपायांचे बंड म्हणत होता, तेव्हा बंड हा शब्द नाकारून उठाव म्हणायला आपण कष्टाने शिकलो. दबलेला उठतो, त्याला उठाव म्हणतात. आदिवासींचा उठाव, रामोशांचा उठाव. ज्याच्या खाली सगळा देश दबला आहे तो सेनापती कशातून उठला? त्या फेब्रुवारीत यांगून आणि मंडालेच्या रस्त्यांवर थाळ्या वाजवत उतरलेली माणसे, संप करणारे डॉक्टर आणि रेल्वे कामगार, यांच्यासाठी राखून ठेवायचा शब्द आपण त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना देऊन टाकला. बंड हा शब्द अर्थाने जवळचा होता, कारण कायदेशीर सरकारविरुद्ध शिपायाने शस्त्र उचलले तर ते बंडच. पण आपल्याकडच्या तिकिटे न मिळालेल्या उमेदवारांनी त्याची पार रया घालवली आहे.

कोणी म्हणेल की मथळ्यात जागा कमी असते. खरे आहे, 'उठाव' तीन अक्षरांत बसतो. शिवाय कोणी मुद्दाम हे केले असेही मी म्हणत नाही. इंग्रजी तारांचे भाषांतर रात्री घाईत होते आणि कोशात पहिला जो शब्द सापडतो तो लागतो. म्यानमारच्या संपादकांना मात्र त्या शब्दासाठी परवाना गमवावा लागला. तिथल्या वृत्तपत्र परिषदेच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी राजीनामे दिले. आपल्यावर कसलीच सक्ती नसताना आपण तो सहज टाळला. मराठीला नाम सापडत नसेल तर क्रियापद आहे: लष्कराने सत्ता बळकावली. 'आणा थेइन'चे ते जवळजवळ शब्दशः भाषांतर आहे. कर्ता आहे, कर्म आहे, आणि बळही आहे.

मंडालेच्या किल्ल्यात टिळकांच्या कोठडीची जागा शोधत जाणारे मराठी प्रवासी अजून भेटतात. त्यांनी लिहिलेली प्रवासवर्णने मी आवडीने वाचतो. किल्ल्याचा खंदक, लाल भिंत, लष्कराच्या ताब्यातला आतला भाग, हे त्यांत असते. शहराचा आजचा तुरुंग किल्ल्याबाहेर आहे, त्याला ओबो म्हणतात. २०२१नंतर पकडलेले राजकीय कैदी तिथे आहेत. त्या तुरुंगाचा उल्लेख मला अजून एकाही मराठी प्रवासवर्णनात सापडलेला नाही.