दार दोनदा उघडलं

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या खर्ड्यात एक वाक्य होतं: ‘एकच हालचाल दोन शॉटमध्ये सलग दाखवण्याचे तंत्र पोर्टर व फाळके यांना अद्याप अवगत झालेले नव्हते.’ दिसायला भारदस्त. ‘अद्याप’, ‘अवगत’, सगळं आहे त्यात. पण वाक्य चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळायला मला एक दार, एक खुर्ची आणि दोन मैत्रिणी लागल्या.

झालं असं की माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो खर्डा वाचला, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, ‘तू आयुष्यात एकदा तरी कट मारला आहेस का?’ नव्हता मारला. चार वर्षं सिनेमाच्या संकलनावर वाचतेय, लिहितेय, पण टाइमलाइनवर दोन शॉट शेजारी ठेवून बघितले नव्हते. स्वयंपाकाच्या पुस्तकांवर पीएचडी करणारीने कधी फोडणी घातली नसावी, तसं.

मग ठरलं, एक छोटी फिल्म करायची. त्यासाठी मी नवं काही शोधलं नाही. ब्रिटनमध्ये ओसीआर नावाच्या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल मीडिया स्टडीजमध्ये बरीच वर्षं एक सरावाचा धडा होता, तोच उचलला. धडा इतकाच: एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडून येते, दुसऱ्या व्यक्तीसमोरच्या खुर्चीत बसते, आणि दोघांत एक-दोन वाक्यांचं बोलणं होतं. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. पहिली, हालचालीवर कट: कृती एका शॉटमध्ये सुरू होते आणि दुसऱ्यात पुरी होते. दुसरी, शॉट आणि उलटा शॉट: आधी हिचा चेहरा, मग तिचा. तिसरी, १८० अंशांचा नियम. दोघींच्या मधून एक काल्पनिक रेघ काढायची आणि कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. तसं केलं की डावीकडची मुलगी कायम उजवीकडे बघते आणि उजवीकडची डावीकडे, म्हणून त्या एकमेकींकडे बघतायत असं आपल्याला वाटतं. रेघ ओलांडलीत की दोघीही एकाच दिशेला बघायला लागतात.

आमच्या फिल्मचं नाव ‘उसने’. एक मुलगी हॉस्टेलच्या खोलीत येते, समोर बसते, ‘माझे पैसे?’ म्हणते. दुसरी म्हणते, ‘चहा घे ना.’ संपली फिल्म. दोन मिनिटं चाळीस सेकंद. (दोन वाक्यांना इतका वेळ कसा लागला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला आहे.)

शूटिंगला एक दुपार गेली. दाराचे दोन शॉट घेतले: एक बाहेर कॉरिडॉरमधून, मैत्रीण येते आणि दार ढकलते, दुसरा खोलीतून, बंद दार उघडतं आणि ती आत येते. दोन्ही वेळा तिने अख्खी कृती केली, कारण कट नक्की कुठे मारणार हे तोवर मलाच ठाऊक नव्हतं. मग लॅपटॉपवर बसले, दोन्ही शॉट पुरेच्या पुरे एकामागे एक लावले, आणि बघितलं तर दार दोनदा उघडतंय. बाहेरून ढकललं, पाऊल आत पडलं, कट, आतून बघतो तर दार परत बंद, आणि परत उघडतं. जेमतेम दीड सेकंदाची पुनरावृत्ती. मी ओरडलेच, ‘अरे, हा तर पोर्टर झाला!’

पोर्टर म्हणजे एडविन एस. पोर्टर, एडिसन कंपनीचा दिग्दर्शक. त्याचा ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ १९०३च्या जानेवारीत लोकांसमोर आला. सहा-एक मिनिटांचा सिनेमा. घराला आग लागते, बंब धावतात आणि शेवटी एका आईची आणि लेकराची सुटका होते. हा शेवट दोन शॉटमध्ये आहे. पहिला शॉट खोलीच्या आत: धूर, आई खिडकीशी धावते, मग पलंगावर कोसळते, अग्निशामक दार फोडून येतो, तिला खांद्यावर घेऊन खिडकीतून शिडीवर उतरतो, परत येतो, मुलाला उचलतो, जातो. मग दुसरा शॉट, घराबाहेरून. आणि इथे सगळं पहिल्यापासून! आई परत खिडकीत, शिडी परत लागते, आई खाली येते, गुडघे टेकून मुलासाठी विनवण्या करते, माणूस परत वर चढतो. तीच सुटका, अथपासून इतिपर्यंत, दोनदा.

आता या सिनेमाची गंमत अशी की कित्येक वर्षं अभ्यासकांच्या हाती याची दुसरीच आवृत्ती होती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडच्या प्रतीत हा शेवट तुकड्यातुकड्यांत जोडलेला होता: आत, बाहेर, आत, बाहेर, प्रत्येक कृती एकदाच. ती बघून लोक म्हणाले, बघा, १९०३ सालीच पोर्टरने आधुनिक संकलन शोधून काढलं. पण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये याच सिनेमाची कागदावरची प्रत होती. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात सिनेमाला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता, म्हणून कंपन्या अख्खी फिल्म कागदाच्या पट्टीवर छापून ‘छायाचित्रं’ म्हणून दाखल करायच्या. त्या कागदी प्रतीत सुटका दोनदा आहे. आंद्रे गोद्रो आणि चार्ल्स मसर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रकरण धसास लावलं आणि आज मूळ आवृत्ती कागदावरचीच, हे मान्य झालंय. म्हणजे नंतर कुणीतरी पोर्टरची ‘चूक’ दुरुस्त केली होती, आणि त्या दुरुस्तीबद्दल शाबासकी पोर्टरला मिळत होती.

माझं वाक्य याच्या नेमकं उलट्या टोकाला होतं, पण कुळी तीच. त्यांनी पोर्टरला आपल्यासारखा मानून पास केलं, मी आपल्यासारखा नाही म्हणून नापास केलं. फूटपट्टी एकच.

मी माझी दीड सेकंदाची चूक समोर ठेवून तो सिनेमा परत बघितला, या वेळी सावकाश. तुम्हीही बघा. आतल्या शॉटमध्ये आईला खाली नेल्यावर तो माणूस लगेच मुलासाठी परत येतो. त्याला कसं कळलं मूल आत आहे? आतून बघताना याचं उत्तर मिळत नाही. बाहेरच्या शॉटमध्ये आई विनवण्या करते तेव्हा मिळतं. दुसरा शॉट पहिल्याची नक्कल नाही, तो पहिल्यातलं कारण सांगतो. उत्कंठा मात्र मरते, हे खरं. मूल वाचणार हे आपल्याला माहीत असतं. तुकड्यांची आवृत्ती नक्कीच जास्त थरारक आहे, त्यात वाद नाही. पण पोर्टर थराराच्या मागे नसावा. एक जागा पुरी करायची, मग दुसरी हाती घ्यायची, अशी त्याची मांडणी आहे. मसर याचा संबंध त्या काळच्या जादुई कंदिलाच्या खेळांशी जोडतात, जिथे प्रत्येक चित्र स्वतःत पूर्ण असे आणि पुढचं चित्र काळात थोडं मागे गेलं तरी कुणाचं बिघडत नसे. मला हे पटतं.

दरम्यान मी माझी चुकीची आवृत्ती आईला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. काही शास्त्रीय हेतू नव्हता, ती मागे लागली होती. मी विचारलं, ‘दाराचं काही खटकलं का?’ म्हणाली, ‘काय खटकायचंय? आधी बाहेरून दाखवलंस, मग आतून.’ पोर्टरचा प्रेक्षक मला घरातच सापडला! आणि विचार केला तर यात नवल नाही. आई रोज संध्याकाळी मालिका बघते. मालिकेत कानाखाली वाजते ती तीन बाजूंनी तीनदा वाजते, आणि त्या घरात काळ मागे कसा गेला असं कुणी विचारत नाही. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) खलाशी बशी आपटतो, तेही असंच तुकड्यांत, हालचाल पुन्हा पुन्हा घेऊन. तिथे आपण त्याला शैली म्हणतो. मालिकेत अतिरेक म्हणतो. पोर्टरमध्ये अज्ञान म्हणतो.

बरं, मग सलग संकलन ‘अदृश्य’ असतं, हे जे पाठ्यपुस्तकात असतं, त्याचं काय? यावर संशोधन आहे. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना चित्रपटांचे तुकडे दाखवले आणि सांगितलं, कट दिसला की बटण दाबा. हालचालीवर मारलेले सुमारे एक तृतीयांश कट लोकांच्या नजरेतून निसटले. कट शोधायला बसलेल्या माणसांच्या नजरेतून! हालचाल सुरू होते तिकडे लक्ष ओढलं जातं आणि नेमक्या त्याच वेळी शॉट बदलतो, असं काहीसं त्याचं स्पष्टीकरण. हा आकडा फार उद्धृत होतो, मीही करते. पण उरलेले दोन तृतीयांश लोकांना दिसले, हे सांगायला आपण विसरतो. तेव्हा ‘अदृश्य’ हा शब्द मला आता जरा जास्तच वाटतो. कट दिसतो, पण आपलं त्यावाचून काही अडत नाही, असं म्हणणं जास्त खरं.

आणि काय नाही दिसत, त्याची यादी तर अजून मजेशीर आहे. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स यांनी १९९७मध्ये दोन बायकांच्या गप्पांची एक छोटी फिल्म बनवली. कटागणिक मुद्दाम बदल केले: गळ्यातला स्कार्फ गायब, ताटल्यांचा रंग वेगळा. असे नऊ बदल. पहिल्यांदा बघणाऱ्या दहा जणांपैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्याचं जाणवलं. त्यांच्या आणखी एका फिल्ममध्ये टेबलाशी बसलेला माणूस उठून दाराकडे येतो आणि कटनंतर बाहेर फोन घेतो तो चक्क वेगळा नट असतो. बहुतेकांना पत्ता नाही. सेटवर कंटिन्युइटी बघणारा माणूस वही घेऊन ज्या गोष्टींसाठी जीव काढतो, त्यातल्या कितीतरी आपण बघतच नाही.

‘उसने’मध्येही हेच. चहाचा कप एका शॉटमध्ये भरलेला, पुढच्यात अर्धा, परत भरलेला. मला रात्री झोप लागेना. हॉस्टेलमधल्या सहा जणींना दाखवलं, एकीनेही कपाबद्दल ब्र काढला नाही. (सहा मैत्रिणी म्हणजे प्रयोग नव्हे, हे कळतं मला.) पण एका ठिकाणी ट्रायपॉड ठेवायला जागा नव्हती म्हणून आम्ही रेघेच्या पलीकडे गेलो होतो. तिथे एक पटकन म्हणाली, ‘खोलीत तिसरं कोण आहे?’ तिला नियम माहीत नव्हता. दोघी एकाच दिशेला बघतायत म्हणजे तिकडे कुणीतरी असणार, इतकं साधं तिचं गणित.

वस्तू जुळल्या नाहीत तर चालतं, नजरा जुळल्या नाहीत तर नाही. हा फरक त्या तीन-मुद्द्यांच्या धड्यात कुठेच नाही, आणि माझी त्याबद्दल मुख्य तक्रार हीच आहे. तिथे तिन्ही कौशल्यं एका ओळीत, सारख्या वजनाची. वॉल्टर मर्च या संकलकाने ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ पुस्तकात कट निवडण्याचे सहा निकष दिलेत आणि गमतीने टक्केही लावलेत: भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर ७, पडद्याची सपाट मांडणी ५, आणि प्रत्यक्ष जागेतलं सातत्य फक्त ४. काही सोडावंच लागलं तर खालून वर सोडत या, असं तो म्हणतो. विद्यार्थ्यांना आपण त्या शेवटच्या चार टक्क्यांपासून शिकवायला लागतो, आणि बरेचदा तिथेच थांबतो. पण माझ्या मैत्रिणीने पकडलेली चूक बघता मर्चचे चार टक्केही मला पुरते मान्य नाहीत. नजरेची दिशा ही तिच्या मते जागेची बाब नव्हतीच. ती कथेचीच बाब होती.

धड्याच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. दाराचा कट दुरुस्त करताना जे शिकले ते कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं. हात दाराला लागतो तिथे कापलं तर अडखळतं. दार अर्धं उघडल्यावर कापलं तर उशीर होतो. दार नुकतं हललं, त्या क्षणी कापलं आणि आतला शॉट दोन-तीन फ्रेम पुढून सुरू केला, तेव्हा ते बसलं. पंचवीसातल्या दोन-तीन फ्रेमनी एवढा फरक पडावा! तासभर तेच दार उघडत बसले होते.

माझं वाक्य मी खोडलं. त्याजागी आता पानभर मजकूर आहे आणि तो अजून जमलेला नाही. पोर्टरपुरतं ठीक आहे, फाळक्यांचं प्रकरण वेगळं निघालं. तिथे पात्रं पुष्कळदा थेट प्रेक्षकाकडे तोंड करून असतात, देवाच्या तसबिरीसारखी. आशिष राजाध्यक्षांनी १९८७च्या ‘द फाळके एरा’ या निबंधात या समोरासमोरपणावर लिहिलं आहे. तिथे नजरेची रेघ दोन पात्रांमध्ये नसून पात्र आणि आपल्यामध्ये असेल, तर १८० अंशांचा नियम लावायचा कुठे? यावर पुढच्या वेळी लिहीन.

आईला दुरुस्त केलेली आवृत्तीही पाठवली. दाराबद्दल काहीच बोलली नाही. तिने विचारलं, ‘मग पैसे दिले का तिने?’ ते आम्ही शूटच केलं नव्हतं.