प्रकार्यवादी गुन्हेविचार आणि ‘टोनही’ : एक चिकित्सा

एमिल दुर्खीम यांच्या मते गुन्हा ही प्रत्येक समाजात आढळणारी सामान्य बाब आहे. शिक्षेमुळे सामूहिक जाणीव दृढ होते आणि योग्य-अयोग्याची सीमा सर्वांना दिसते. काइ एरिक्सन यांनी १९६६ मध्ये सेलमच्या चेटूक-खटल्यांना हाच विचार लावला.

छत्तीसगडमधील ‘टोनही’ प्रथेवर हा सिद्धांत तपासता येतो. गावात मूल आजारी पडले, जनावर दगावले की एखाद्या स्त्रीला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून मारहाण किंवा बहिष्कार होतो. प्रकार्यवादी म्हणेल, संकटाला कारण मिळाले आणि गाव एकवटले.

या स्पष्टीकरणाच्या तीन मर्यादा आहेत.

१. प्रकार्य कोणासाठी? गावाच्या एकीची किंमत ती स्त्री मोजते. पुष्कळदा ती विधवा किंवा एकटी असते.

२. परिणाम म्हणजे कारण नव्हे. गाव एकवटले, यावरून तिचीच निवड का झाली हे कळत नाही. त्यासाठी जमिनीचे वाद, लिंगभेद आणि सत्ता पाहावी लागते.

३. सामूहिक जाणीव एकच असते का? रायपूरच्या विधानसभेने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम संमत केला. कोणाला टोनही ठरवल्यास तीन वर्षांपर्यंत, छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद त्यात आहे. गावाच्या लेखी ती स्त्री विचलित. कायद्याच्या लेखी तिला छळणारे गुन्हेगार.

म्हणून गुन्ह्याचे प्रकार्य सांगण्याआधी ‘गुन्हा कोणता, हे कोणी ठरवले?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. प्रकार्यवाद तो पुरेसा विचारत नाही.